कोशाच्या पदरातलं विरजण

'विरजण' हा शब्द कारखान्यात आणला तो डॉ. पौर्णिमा कोवेने. त्याआधी सगळे 'सीड' म्हणायचे. पोलादी पात्रात औषध विरघळवायचं, हळूहळू निववायचं, आणि ऐन वेळी त्यात त्याच औषधाचे मूठभर तयार स्फटिक सोडायचे. मग पात्रातलं उरलेलं औषध त्या मुठीचं बघून तसंच्या तसं आकाराला येतं. नव्या माणसांना हे समजावताना पौर्णिमा विचारायची, "घरी दही कोण लावतं?"

"आई लावते, मॅडम," राजन तांडेल म्हणाला होता. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातला राजन पुढे त्याच पात्राचा शिफ्ट इनचार्ज झाला.

"मग दुधाला काय ठाऊक, आपण दही व्हायचं ते? विरजण शिकवतं त्याला. जसं विरजण, तसं दही."

"म्हंजे एवढं शिकून आपन दहीच लावतो की!"

"दहीच. फक्त हे बिघडलं तर कुणाचं तरी लेकरू तडफडतं."

तेव्हा ती हसत हसत म्हणाली होती.

औषध शोधणारा चमचाभर औषध करतो आणि टाळ्या घेऊन जातो. तो चमचा हंडाभर कसा व्हावा, दर वेळी सारखाच कसा उतरावा, त्यात घातक काही उरू नये, हे बघणारं माणूस मागे चुलीपाशी असतं. पौर्णिमाचं सगळं संशोधन या चुलीपाशी झालं. जळजळीत वासाची विद्रावकं हाकलून तिथे साधं पाणी आणि मद्यार्क आणायचा, चार पायऱ्यांचं काम दोनात बसवायचं, यातच तिचे केस पिकले. 'नितळ' हे तिचं शेवटचं, लाडकं लेकरू. काचेच्या बाटलीतलं गोड, पातळ औषध, सिकलच्या रोग्यांसाठीचं.

सिकल तिच्या घरातलाच होता. ती चंद्रपूरकडच्या जंगलपट्टीतली. तिथे कित्येक घरांत रक्ताच्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. बारीक शिरेत विळ्याला विळा अडकतो आणि हाडाहाडांत इंगळ पेटतात. थोरला भाऊ सुखदेव असाच कण्हत कण्हत गेला. पुढे धाकटी बहीण कुंदा हिच्या लेकीला, मैनाला, तेच निघालं. दोन हजार सदतीस साली नितळ आलं. ते पेशीतल्या रक्तद्रव्याच्या कणांना एकमेकांचे हात धरून साखळी करू देत नाही. साखळी नाही म्हणून विळा नाही. रोज सांजेला एक माप. मैना शाळेच्या शर्यतीत धावली, तेव्हा कुंदाने आनंदाने कोशाची, म्हणजे रानरेशमाची, साडी विणवून घेतली आणि बहिणीला नेसवली. मधाच्या रंगाची, अंगाला लागली तर पानाच्या सावलीसारखी थंड.

त्याच वर्षी कारखान्यात 'भाकीत' नावाची संगणकप्रणाली बसवली होती. औषधाच्या रेणूचा आकार सांगितला की तो रेणू किती तऱ्हांनी रचला जाऊ शकतो हे भाकीत गणित करून सांगे. पौर्णिमाने नितळचा रेणू दाखवला आणि भाकिताने दोन तऱ्हा दाखवल्या.

सरपण तेच, पण मोळी दोन प्रकारे बांधता येते. एक सैल, हवी ती काटकी ओढून घ्यावी. दुसरी अशी करकचून, की काटकी निघता निघत नाही. नितळचा स्फटिक आजवर सैल मोळीचा होता, म्हणून तो पाण्यात विरघळे, रक्तात उतरे. आवळ मोळीचा स्फटिक पोटात गेला तर खड्यासारखा जाई, खड्यासारखाच बाहेर पडे. आणि निसर्गाला आवळ मोळी आवडते. तिचा एक कण जरी कुठे जन्मला, तरी त्याला पाहून बाकीचे सैल रेणू आवळ होऊ लागतात. तो कण धुळीत, केसांत, कपड्यांत बसून गावोगाव जातो. एकदा आवळ रूप आलं की त्या जागी पुन्हा सैल रूप करता येत नाही. जगात अशी काही औषधं गमावली गेली होती, हे तिला ठाऊक होतं.

"भाकीत म्हणतं ते रूप असू शकतं," तिने आपल्या गुरूंना, निवृत्त झालेल्या गोडांबे सरांना, फोनवर सांगितलं. "ते खरंच होतं का, बघावंसं वाटतं."

"पोरी, जे जन्मलंच नाही त्याला हाक मारू नये," सर म्हणाले. "आलं तर परत जात नाही. बघायचंच असेल तर तुमच्या त्या दूरच्या बंद प्रयोगशाळेत बघ. चुलीपाशी नको."

कारखान्याचा नियमही तोच होता. पण दूरच्या प्रयोगशाळेची पाळी यायला वेळ होता, आणि पौर्णिमाच्या मनातलं कुतूहल दारात आलेल्या वासरासारखं ढुशा देत होतं. चार थेंब तर आहेत, असं म्हणून तिने एक लहानशी कुपी आपल्याच कपाटात निवत ठेवली.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी सगळे नटून येतात. पात्रांना झेंडूची तोरणं, पंपांना हळदकुंकू. आणि कारखान्याचा आपला एक रिवाज होता: पूजेनंतरच्या पहिल्या बॅचला विरजण घालायचं ते त्या औषधाची रीत बसवणाऱ्याच्या हाताने. राजन म्हणायचा, "मॅडम, तुमचा हात लागला म्हंजे वरीसभर बघायला नको."

पौर्णिमा कोशाची साडी नेसून आली होती. पूजेला अवकाश होता म्हणून तिने कपाट उघडलं, आणि कुपीच्या तळाशी पांढऱ्या सुया दिसल्या. कापसाच्या फुलासारख्या बारीक. तिच्या छातीत काहीतरी नाचलं. तिने साडीवरच पांढरा कोट चढवला. पदर खालून बाहेर लोंबत राहिला. हातमोजे घालून तिने सुई उचलली, काचेवर ठेवली, यंत्रात पाहिली. आवळ मोळी! भाकीत खरं होतं. ती एकटीच लहान मुलीसारखी हसली, आणि हसता हसता टेबलावर सांडलेली चिमूट, घरी ओट्यावरचं पीठ पुसावं तशी, पदराच्या टोकाने पुसली.

ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

"मॅडम, खोळंबलेत सगळे!" कारखान्याचे व्यवस्थापक प्रभुदेसाई दारातून ओरडले. तिने कुपी बंद केली, कोट काढला, हात साबणाने चोळून चोळून धुतले. आणि ओले हात पदराला पुसले.

मग त्याच हाताने तिने पात्राच्या तोंडाशी हळदकुंकू वाहिलं, त्याच हाताने विरजण घातलं. राजनने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या.

पहिली बॅच पात्रातून निघाली ती रेतीसारखी. क्ष-किरणांच्या तपासणीत जी ओळखखूण उमटली ती कुणी पाहिली नव्हती. पौर्णिमाने पाहिली होती. त्या आलेखाची टोकं तिच्या डोळ्यांत बाभळीच्या काट्यांसारखी रुतली. दुसरी बॅच तशीच, तिसरी तशीच. पात्र उकळत्या वाफेने धुतलं, भिंती खरवडल्या, हवेची गाळणी बदलली. सैल मोळी पुन्हा बांधली गेली नाही. नितळचं उत्पादन थांबलं. देशभरात होत्या तेवढ्याच बाटल्या उरल्या.

चौकशी बसली. पात्र साफ करून घेण्याची जबाबदारी शिफ्ट इनचार्जची. राजनला घरी बसवलं.

पौर्णिमा त्या बैठकीला होती. मनातल्या मनात ती एकच हिशेब घोळवत होती: मी कुपी बंद केली, मोजे घातले होते, हात धुतले. कुपी तर तिने पूजेच्याच दिवशी भट्टीत टाकली होती. मग माझ्यामुळे कसं? कुठल्या तरी पंपात ते आपोआप जन्मलं असेल. आपोआपही होतं की.

निघताना राजन तिच्या टेबलापाशी आला. "मॅडम, तुम्हाला तरी पटतं का? मी स्वतः आत उतरून बघितलंवतं."

"बघू, राजन. मी बोलते," ती म्हणाली. आणि बोलली नाही.

दिवाळीत ती कुंदाकडे गेली. भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बहिणी चंद्राला ओवाळतात. सुखदेव गेल्यापासून या दोघी अंगणात उभ्या राहून बीजेची कोर ओवाळायच्या. कुंदाने बजावलंच होतं, "बाई, मी देल्ली ते साडी नेसून येजो. पेटीत ठेवाले नाही देल्ली तुले."

रेशीम काही कुणी दर नेसण्याला पाण्यात घालत नाही. सावलीत वारा दिला, घडी घातली, ती घडी मोडून पौर्णिमा नेसली.

चंद्राची कोर ताडांवर आली. कुंदाने ताट फिरवत गुणगुणलं:

बीजेच्या चंद्रा भाऊ, तुले ओवाळते बाई,
कोर तुही वाकुडी रे, माह्या घरी नको येई.

"मोठी आई," मैना पौर्णिमाच्या कमरेला मिठी घालून म्हणाली, "आज दवाई तूच दे. आई लय थोडी देते. मी चाटून पाहतो तं माप अर्धंच!"

"चाटते काय माप! लबाडे." पौर्णिमा हसली. खूप दिवसांनी हसली. तिने माप भरलं, मैनाच्या ओठांना लावलं. बाटलीच्या तोंडाशी ओघळ आला होता, तो पदराने टिपला आणि झाकण लावलं.

परत येऊन ती कामाला लागली. प्रभुदेसाईंनी बोलावून सांगितलं, "कंपनीनं दूर वाळवंटाच्या कडेला नवी जागा घेतलीय. इथली एक खुर्चीसुद्धा तिथे जाणार नाही. सगळं कोरं. आणि तिथली प्रमुख तुम्ही. तांडेलसारखी माणसं नकोत, फक्त खात्रीची."

तिने मान डोलावली.

मग कुंदाचा फोन आला.

"बाई, पोरीले दवाखान्यात आनलं. हात-पाय धरून लोळून रायली. दवाई रोज देल्ली मी, एक दिवस नाही चुकवली. पन बाटलीत रेती उतरल्यासारखी दिसते खाली. तूप कसं कणीदार होते, तसं. मले वाटलं साखर बसली..."



नितळच्या बाटलीत औषध दाटीवाटीने विरघळवलेलं असतं, घरात मावतील त्याहून जास्त पाहुणे कोंबावेत तसं. कुणी इशारा देत नाही तोवर सगळे गुपचूप बसतात. एक कण पडला, की औषध खड्याखड्याने तळाला बसतं, आणि वरती उरतो नुसता गोड पाक. कुंदा रोज न चुकता लेकीला गोड पाक पाजत होती.

आणि कुंदाच्या घरी राजन गेला नव्हता. पंप गेला नव्हता, पात्र गेलं नव्हतं. तिथे गेली होती ती एकच, बाटलीपाशी. तिला ओघळ आठवला. पदर आठवला. त्याआधीचे ओले हात, त्याआधीचं टेबल... मागे मागे जात ती त्या पांढऱ्या चिमटीपाशी पोचली.

लहानपणी दही लावताना आई म्हणायची ती ओवी कानांत घुमू लागली:

इवलंसं विरजण, हंडा दुधाचा थिजवी,
इवलीशी लबाडी गं, साऱ्या गोताला लाजवी.

प्रभुदेसाईंच्या खोलीत ती आत गेली नाही. दारातूनच सगळं सांगितलं. कुपी, पदर, हळदकुंकू.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "हे आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका. तांडेलचं प्रकरण मिटत आलंय. त्याला दुसरीकडे लावून देऊ. तुमचं नाव गेलं तर नव्या जागेला परवानगी मिळेल का? माणसांचा विचार करा, मॅडम. किती लेकरं वाट बघतायत."

"त्यांचाच करतेय, सर. राजनला तुम्ही नव्या जागेपासून लांब ठेवाल आणि मला पाठवाल. मी तिथे पाय ठेवला, की ती जागाही गेली. साडी मी ड्रममध्ये सील करून दिलीय. पण केसांत काय आहे, नखांत काय आहे, चपलेत काय आहे, कोण सांगणार? मी खरं बोलले नाही तर नितळ पृथ्वीवर उरणार नाही."

"म्हणजे तुम्ही स्वतः उभी केलेली रीत तुम्ही..."

"पडद्यावरून शिकवीन. मी कधीच न भेटलेल्या माणसांना."

प्रभुदेसाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय मागताय?"

"कळतंय."

खरं सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. तिला वाटलं नाही. दवाखान्यातून रोज कुंदाचा फोन यायचा, आणि कुंदाला ती अजून काही बोलली नव्हती.

आधी ती राजनकडे गेली. कोळीवाड्यात, अंगणात वलांडीवर बोंबील सुकत होते. राजनची आई दारात बसली होती.

"आत या ना, मॅडम," राजन म्हणाला.

"नको. इथूनच." आणि तिने वलांडीअलीकडूनच सांगितलं.

राजनने सगळं ऐकलं.

"त्या दिवशी टाळ्या मीच पहिल्या वाजवल्यावत्या," तो शेवटी म्हणाला. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "मला काढलं तवापासून आईनं दही लावनं सोडलंय. म्हनते, आपल्या घराच्या हाताला दोष लागलाय. माझ्यासमोर बोलत नाही. दही विकत आनते."

पौर्णिमाने दाराकडे पाहिलं.

"तिला तुम्ही सांगा," राजन म्हणाला. "मी सांगितलं तर तिला वाटंल, पोरगा स्वतःला झाकतोय."

तिने त्या म्हातारीला सांगितलं. म्हातारीला स्फटिक कळले नाहीत. तिने एवढंच विचारलं, "म्हंजे माझ्या पोराचा हात चांगला हाय ना?"

"चांगला आहे, मावशी. माझाच वाईट होता."

"मंग एवढे दीस कुटं होतीस गं?" म्हातारी म्हणाली, आणि उठून आत गेली.

कुंदाला तिने फोनवर सांगितलं. ऐकून झाल्यावर कुंदा म्हणाली, "बाई, आता इकडे येऊ नको," आणि फोन ठेवला.

वाळवंटाच्या कडेला नवा कारखाना उभा राहिला. जुन्या कारखान्यात त्याला 'सोवळ्यातला' म्हणत. तिथल्या मुलामुलींनी पौर्णिमाला कधी पाहिलं नव्हतं, तिने हात लावलेला कागदही त्यांच्याकडे गेला नव्हता. पडद्यावरून ती सांगायची, "आता थांबा. घाई नको. दुधाला हात लावून बघतो ना, तेवढं कोमट होऊ द्या. आता विरजण." ती तिकडची मुलगी मूठ उघडायची तेव्हा पौर्णिमाची मूठ इकडे टेबलाखाली आपोआप उघडायची.

बॅच सैल मोळीची उतरली. पडद्यावर टाळ्या वाजल्या. पौर्णिमाने पडदा बंद केला.

बाटल्या गावोगाव निघाल्या. पण ज्या घरात खडे बसले होते त्या घरात नवी बाटली नेता येत नव्हती; म्हणून गावातल्या आरोग्य उपकेंद्रात बाटली ठेवायची, आणि कुंदाने लेकीला न्हाऊ घालून, धुतलेले कपडे घालून रोज तिथे न्यायचं, असं ठरलं. हा नियम पौर्णिमानेच लिहून दिला. शेवटची ओळ लिहिताना तिला तिची आई आठवली. आई मालगुजाराच्या, गावच्या जमीनदाराच्या, घरी धुणीभांडी करायची. तिला पाणी वरून ओतून मिळायचं. तिची सावली ओसरीवर पडली तरी मालकीण करवादायची. आई ते हसून सांगायची. ती शिवाशिव खोटी होती, नुसती माणसाच्या मनातली. ही खरी होती, आणि तिची तिनेच कमावलेली. शेवटची ओळ होती: डॉ. पौर्णिमा कोवे यांनी केंद्राच्या कुंपणाआत येऊ नये.

थंडी सरताना कुंदाचा फोन आला. रागाचाच आवाज होता. "पोरगी उठता-बसता तुह्या नावानं डोकं खाते. ये. पन कुंपणाच्या बाहेर उभी राहाशीन."

"बाहेरच राहीन."

ऊन कलतीला लागलं होतं. उपकेंद्रासमोरच्या रस्त्यापलीकडे, पळसाखाली पौर्णिमा उभी राहिली. साधी सुती साडी, पदर कमरेला खोचून घट्ट बांधलेला. आतून नर्सबाईंचा आवाज आला, "आ कर. गिळ." मग मैना फाटकातून बाहेर आली. बारीक झाली होती, पण चालत होती. तिने लांबूनच जीभ बाहेर काढून दाखवली, सगळं गिळलं म्हणून. आणि धावत सुटली.

पौर्णिमा मागे सरली. एक पाऊल, आणखी एक. "मैना, थांब! तिथंच थांब, बेटा."

मैना रस्त्याच्या मधोमध थांबली. पाठीमागे फाटकात कुंदा उभी होती, पदराचं टोक दातांत धरून.

"उद्या तुला परत आत जायचंय ना," पौर्णिमा म्हणाली. "माझं काही तुझ्या केसाला लागलं, तर..."

"मले माईत आहे," मैना म्हणाली. "आईनं सांगतलं. तुह्या अंगाले रेती आहे, दिसत नाही ते."

"हो."

"दुखते का तुले?"

पौर्णिमाने खोचलेला पदर आणखी घट्ट खोचला.

मैनाने इकडेतिकडे पाहिलं. ऊन तिच्या पाठीवर होतं. तिची सावली लांबच लांब होऊन रस्त्यावर पडली होती, पौर्णिमाच्या पायांपासून हातभर अलीकडे. मैनाने ती सावली निरखली. एक पाऊल पुढे सरकली, थांबली.

"मोठी आई, सावलीले लागते का?"

वर पळसाला पहिल्या कळ्या धरल्या होत्या. पौर्णिमाच्या डोळ्यांसमोर ती जुनी ओसरी आली आणि गेली.

"नाही गं," ती म्हणाली. "सावलीला काही लागत नाही."

मैना आणखी थोडी सरकली. सावलीचं डोकं पौर्णिमाच्या पावलांवर आलं, गुडघ्यांवर चढलं, मांडीवर टेकलं. मग मैना तिथेच, रस्त्यात, न हलता उभी राहिली. पौर्णिमाने हात पुढे केला आणि आपल्या मांडीवरच्या त्या अंधाऱ्या डोक्यावरून हळूहळू फिरवत राहिली.